नादारी

फॉर्ममधला तो प्रश्न एका ओळीचा आहे:
आपण नादार ठरला होतात का,
आणि असल्यास, त्यातून मोकळे झालात का.
धैर्यशील, तू फोनवर तो वाचून दाखवलास
आणि मधेच खोकलास.
इथे विट्यात दुपारचे साडेतीन,
तुझ्याकडे पहाटेचे चार.

आपल्याकडे हा शब्द शाळेतून आलेला.
नादारी म्हणजे फी माफ.
सातवी ब मध्ये तुला होती, मला नव्हती,
सहामाहीच्या आधी बाई नावं वाचत
तेव्हा तू उभा राहायचास
आणि मी पुढच्या बाकावरून मुद्दाम वळायची नाही.
(पहिली भेट कधी झाली, असंही त्यांनी विचारलंय.
काय लिहू?)

मी पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसते.
अक्षर बरं आहे म्हणून थकबाकीदारांचा फळा माझ्याकडे.
जामीनदारही त्याच खडूनं लिहिते.
पैसे भरले की नाव पुसायचं,
पण ओलं फडकं फिरवलं तरी
दोन दिवस ते खालून दिसत राहतं.
माणसं येऊन बघून जातात, गेलं का.

तुझा ट्रक, त्याचं बसलेलं इंजिन,
तीन क्रेडिट कार्डं आणि कॅलगरीतला तो हिवाळा
मी घरात कुणाला सांगितला नाही.
जावई कधी नेणार, असं विचारलं की म्हणायची,
कागद अडकलेत.
एकवीस महिने कागद अडकले होते.
तू दर महिन्याला तिथल्या ट्रस्टीला हिशोब द्यायचास,
भाडं, बस, डाळ, फोन.
फोनपुढे कारण लिहावं लागायचं.
तू लिहायचास: बायको.

परवा सुटकेचा कागद आला. एक पान, खाली सही.
अर्जाची फी अण्णांकडूनच घ्यायची होती,
म्हणून दाखवावा लागला.
तीस वर्षं कोइमतूरला गलाई केलेला माणूस,
सराफांच्या दुकानातली झाडलोट जाळून
राखेतून सोनं काढणारा.
त्यांनी कागद खिडकीशी धरला,
कोपरा बोटांत चोळला, जणू आता कसोटीवर घासतील.
कुणी दिला?
सरकारनं.
म्हणजे आता कुणी मागायला येणार नाही?
नाही.
मग बराच वेळ पंखाच बोलत होता.

पंच्याण्णव साली माझी मूस फुटली, ते म्हणाले.
लोकांचं सोनं होतं, चौदा तोळे.
सगळं फेडलं, नऊ वर्षं लागली.
पण फिटलं, असं लिहून कुणी दिलं नाही.
अजून तिकडचं कुणी लग्नात दिसलं
की मी पंगत बदलतो.
आईला बोलू नकोस.
स्वयंपाकघरात आई भांडी विसळत होती.
नळाचा आवाज कधीच थांबला होता.

आणि हा दुसरा कागद?
तो लिहून देतोय, अण्णा,
तीन वर्षं माझा सगळा खर्च त्याच्यावर.
तीनच?
मांडवात मुदत विचारायची राहूनच गेली म्हणायची.
ते हसले, आणि चष्मा पुसायला घेतला.

आता नात्याचा पुरावा.
आपलं बोलणं छापून जोडायचंय.
स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्या पोराकडे मोबाइल दिलाय,
दोनशे चाळीस पानं.
बहुतेक पानांवर मी: जेवलास का.
आणि तू: हो.
फेब्रुवारीतल्या त्या आठवड्यातही रोज हो,
ज्या आठवड्याच्या तुझ्या हिशोबात
डाळीपुढे शून्य आहे.
दोन्ही कागद एकाच फाइलीत जाणार.
कुणी ताडून पाहिलं तर?

पोरगा विचारतो, ताई, रंगीत काढू की साधं?
साधं, मी म्हणते.
आणि हे फेब्रुवारीचं पान
माझ्यासाठी एक जास्त काढ.