बॅच नंबर अकरा

तीन आठवडे बादली मागच्या खोलीत होती,
ओल्या टॉवेलात गुंडाळलेली, तापातल्या पोरासारखी.
समोर कूलर. टाकी आटली की पंप खरडायचा,
मी झोपेतून उठून नळी लावायचो.
बाहेर नवतपा; रात्री एकलाही
भिंत हात लावू देत नव्हती.

हेडाऊ म्हणाला होता, मे महिन्यात नको.
"नागपुरात उन्हाळ्यात दही धड लागत नाही,
अन् तू बिअर लावून राहिला बे?"
मी ऐकलं नाही.
सत्तावीस वर्षं कोराडीला बॉयलर सांभाळला,
वीस लिटरच्या बादलीला काय भ्यायचं?

(भ्यायला हवं. बॅच चार
माळ्यावर रात्री अडीचला फुटली,
एकेक बाटली, मोजून सात.
वरचे पराते टॉर्च घेऊन धावत आले, सिलिंडर? सिलिंडर?
मी म्हटलं, साखर.
चमचाभर जास्त पडली.)

हे सगळं मला शिकवलं हेडाऊनंच.
गोळीबार चौकात, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा
आणि सांगायचा, सातूचा भरडा किती जाड हवा.
गिरणीवाल्यानं विचारलं तर म्हणायचं, मधुमेहासाठी.
हिरव्या लेंड्यांसारखे हॉप्स कुरिअरनं आले,
पुडा फोडला तेव्हा चैत्रातल्या
कडुलिंबाच्या मोहोराचा वास घरभर.
तो म्हणाला, हुंगून घे आधी,
उकळीत गेल्यावर हा परत भेटत नाही.
"धागा तुटला तर सांधता येते.
याले सांधा नाही."

पहिले दोन दिवस झाकणावरची नळी
बडबडत होती, बुड् बुड् बुड्,
लग्नघरातल्या मावशीसारखी.
मग मधेच एखादा.
मग मीच कान लावून बसायचो.

रविवारी चाखायला बसलो.
कुमुदनं चमचाभर घेतली, काढा म्हणाली,
आणि चमचा धुवायला निघून गेली.
परात्यांचा जावई मस्त म्हणाला.
तो पाण्यालाही मस्त म्हणतो, धरत नाही मी.
पराते दुसरा ग्लास पुढं करून गप्प.

हेडाऊनं ग्लास घेतला, प्यायला नाही.
दिवाळीपासून त्याच्या खिशात
लिव्हरचा कागद आहे, घडीवर घडी.
उजेडात धरला, फिरवला,
नाक आत घातलं, डोळे मिटले.
"केळी येऊन राहिली. गरमीची केळी."
हो. दोन रात्री लाईट गेली होती.
"अन् तिच्या मागं… थांब.
संत्र्याची साल. आंबियाची नाही. मृगाची."
कोणालाच सांगितलं नव्हतं मी.
फेब्रुवारीत गच्चीवर वाळवलेली,
औषधाच्या डबीत लपवलेली मूठभर.

मग त्यानं करंगळी बुडवली,
ओठापर्यंत नेली
आणि सदऱ्याला पुसली.

"पाच दिवस अजून थांबाचं होतं न.
काऊन घाई केली बे?"

शुक्रवारी तुला मेडिकलला भरती करणार आहेत,
म्हणून.
असं म्हणालो नाही.
म्हणालो, बादली रिकामी हवी होती,
कुमुदला कुरडयांचा चीक भिजवायचाय.
कुरडया तर मार्चमध्येच झाल्या,
डबा त्याच्या समोरच्या फळीवर होता.
तो डब्याकडे बघत राहिला.

वहीत लिहिलं:
अकरा. केळी. साल. हेडाऊ म्हणतो, घाई.
दोन बाटल्या फ्रिजच्या तळाशी ठेवल्या आहेत,
लिंबाच्या लोणच्यामागं,
चिकटपट्टीवर मार्करनं 'डिसेंबर'.
पाणी घ्यायला त्यानं फ्रिज उघडला,
जरा जास्त वेळ उघडा ठेवला.
गार हवा आमच्या पायांवरून गेली.

तेवढ्यात पंप खरडायला लागला.
मी उठणार, तर तो म्हणाला, बस,
आणि नळी शोधायला
स्वतःच मोरीकडं गेला.