शिल्लक सायकली

सांबऱ्याहून सुटलेलं विमान
आमच्या गच्चीवरून जातं तेव्हा
शेजारची पोरं हात हलवतात.
मी मनात एक वजा करते.

इंजिन मी कधी उघडलेलं नाही.
ते उघडतात दूर, कुठल्या तरी पांढऱ्या शेडमध्ये.
माझ्याकडे येते यादी:
पहिल्या टप्प्याची पाती अडुसष्ट,
एकवीस दुरुस्तीलायक, नऊ भंगार,
बाकीची 'बघून सांगतो'.
त्या 'बघून सांगतो'ची किंमत
सकाळी दहाच्या आत डॉलरमध्ये लिहायची.
एवढ्यासाठी मला तज्ज्ञ म्हणतात.

ऑफिस टिळकवाडीत, दुसऱ्या मजल्यावर.
खाली कुंदा आटत असतो.
करपायच्या किती आधी कढई उतरवायची
ते ईरण्णाला नाकानं कळतं.
मला आलेख लागतो:
टर्बाइनमागचं तापमान,
धोक्यापर्यंत शिल्लक अंश तेवीस,
दर हजार उड्डाणांना चार कमी.

आमच्या धंद्यात
एकदा उडणं आणि एकदा उतरणं म्हणजे एक सायकल.
अंतराला विचारत नाही कोणी.
बंगळूर असो की दिल्ली,
चकती तेवढीच तापते, ताणते, निवते.
हे आप्पांना सांगितलं तर म्हणाले,
"मग माझी पण तशीच की गे.
वडगाव ते उद्यमबाग.
पंक्चर झाली तरी एक."
एकोणतीस वर्षं. रविवार, सण, एक संप वगळून
मी गुणाकार केला: आठ हजार चारशे दहा.
"दुपारचं जेवायला घरी यायचो, ते धरलंस काय?"
धरलं नव्हतं.

मार्चमध्ये यादीत एक चकती आली.
मर्यादा वीस हजार,
झालेल्या सतरा हजार दोनशे.
(सीमा हा शब्द मी टाळते.
त्याला आमच्याकडे आधीच पुष्कळ काम आहे.)
तडा नाही, ओरखडा नाही.
पण विमानाचा करार अजून पाच हजारांचा,
आणि उरलेल्या दोन हजार आठशेसाठी
मध्येच इंजिन पुन्हा उतरवायचं,
पुन्हा ट्रक, पुन्हा चाचणी, पुन्हा भाड्याचं इंजिन,
परवडत नाही.
रकान्यात लिहिलं: बदला.
खालच्या ओळीवर गेले.

रात्री जेवताना सहज बोलून गेले.
आप्पांचा भाकरीचा हात थांबला.
"वाजवून बघितली?"
ध्वनिलहरी सोडून तपासतात, मी म्हटलं.
"म्हंजे वाजवूनच की. बद्द वाजली?"
नाही. खणखणीत.
"मग?"
हिशोबात बसत नाही, आप्पा.

हा शब्द नको होता.
फाउंड्रीला कुलूप लागलं तेव्हा
मालकानं एकेकाला आत बोलावून
हिशोब केला होता.
आप्पा बावन्नचे होते.
ओतलेल्या लोखंडावर बोटाची टिचकी मारून
आतली पोकळी सांगायचे,
वीतभर चुकायचे नाहीत.
त्या दिवशी ते सायकल हातात धरून
चालत घरी आले होते.
का, ते आईनंही विचारलं नाही.

आमटी निवली. कोणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या इंजिनांच्या याद्या काढल्या.
एक मालवाहू कंपनी, म्हातारं विमान,
दोन हजार सायकलींनंतर मोडीत जाणारं.
त्यांच्या तंत्रज्ञाला लिहिलं:
आहे एक. कागद पूर्ण. दर बोलू.
साहेब म्हणाले, हे आपल्या कामात येत नाही.
मीही म्हटलं, नाही येत.
उत्तर अजून आलेलं नाही.

आज निघताना
आप्पा अंगणात सायकल उलटी करून
मागचं चाक फिरवत बसले होते,
कान आऱ्यांशी.
वर न बघता म्हणाले,
"किती किलोची गे, ती चकती?"
साठ-सत्तर असेल.
"मग उचलायला दोघं लागतील."
आणि चाकाला पुन्हा एक हात दिला.