काचेची जमीन

आमच्या ग्रंथालयात वरच्या मजल्याची जमीन काचेची.
उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून
कुणीतरी केलेली जुनी युक्ती.
मी खाली रांगेत पुस्तक शोधत असते
आणि डोक्यावरून चपला जातात,
धूसर, दुधाळ, कसली घाई नसलेल्या.
एकोणतीस वर्षं मी वडोदऱ्याची माणसं
तळव्यांवरून ओळखत आलेय.

टाच घासत येतात त्या निरंजनाबेन.
त्यांना खून लागतो, पहिल्या दहा पानांत.
"वैजूबेन, आमां तो कोई मर्युं ज नथी,"
म्हणत काउंटरवर पुस्तक आदळतात.

टक टक, एका लयीत, ते ताहेरभाई घड्याळवाले.
उर्दूचं कपाट उघडतात,
उभ्या उभ्या एक शेर वाचतात, मिटतात.
आज एवढंच.
जास्त किल्ली दिली की स्प्रिंग तुटते, म्हणतात.

रबरी तळवे वाजत नाहीत,
ती रात्रपाळी उतरलेली जिन्सी, नर्स.
मल्याळमची अकरा पुस्तकं आमच्याकडे,
अकराही तिची दोनदा झालीत.
आता बालविभागात बसून मराठी शिकतेय.
"ळ" तिला पहिल्या दिवसापासून येतो,
माझ्या भाच्याला अजून येत नाही.

आणि मी?
माझ्या घरी दूध उतू गेलं
की समजावं, पुस्तक चांगलं आहे.
वाईट पुस्तकाच्या दिवशी साय छान येते.
कुणी विचारतं, तुमचा आवडता लेखक कोण?
मांडवीखाली उभं करून विचारावं
चारांतला तुमचा दरवाजा कोणता, तसं वाटतं.
मला नुसतं तिथे उभं राहायला आवडतं, बाबा,
चारी बाजूंचा वारा खात.

मग एका मंगळवारी काचेवर
अनवाणी पावलं आली.
दहाही बोटं स्वच्छ उमटलेली.
देवळात काढतात तसे बूट
त्यानं जिन्यापाशी काढून ठेवले होते.
खुमान राठवा, छोटा उदेपूरकडचा, बी.ए. दुसरं वर्ष.
"आमच्या बोलीतली पुस्तकं कुठे असतात?"

मला ठाऊक होतं, तरी मी खण ओढला.
रसायन, राज्यकारभार, रेशीम उद्योग.
त्यांच्याविषयी दोन होती, दुसऱ्यांनी लिहिलेली.
मी ती पुढे केली.
तो म्हणाला, चालेल.

ते "चालेल" मी घरी घेऊन गेले.
त्या रात्री दूध उतू गेलं,
हातात पुस्तक नसताना.

चार महिन्यांनी तो वही घेऊन आला.
शंभर पानी, दोरा सुटलेली, अक्षर गुजराती, बोली त्याची.
मामीनं सांगितलेल्या गोष्टी:
बकरीची, महुड्याखालच्या भुताची,
नदीशी भांडणाऱ्या एका बाईची.
"ठेवा कुठेतरी."

दाखल नोंदवहीत रकाने असतात.
प्रकाशक: नाही. किंमत: नाही. पावती: नाही.
साहेब रजेवर होते.
मी शिक्का शाईत बुडवला
आणि जरा जास्तच जोरात मारला.
ती वही "नवीन आलेली"च्या फळीवर ठेवली,
तीन जाडजूड चरित्रांच्या मध्ये दाबून.

पहिल्यांदा कुणी न्यावी?
निरंजनाबेननी.
आठ दिवसांनी टाच घासत परत आल्या,
वही आदळली नाही, हळूच ठेवली.
"अर्धं तर समजलंच नाही, वैजूबेन.
पण पहिल्याच पानावर एक मेला!
ही मामी अजून सांगते का काही?"

ताहेरभाईंनी दोरा ओवून दिला.
त्यांच्याकडे बारीक सुया असतात.

सात वाजता दिवे मालवायच्या आधी
हल्ली मी वर जाते, चपला काढते.
काच पायांना गार लागते.
खाली पुस्तकांच्या पाठी अंधुक दिसतात,
कुठली कुठल्या भाषेतली, इथून कळत नाही.
जिन्सी अजून खाली असेल, "क्ष" गिरवत.
तिनं मान वर केली तर तिला दिसेल
माझ्या डाव्या टाचेची भेग.