बिछायत केंद्र

सेलूत, मोंढ्याच्या मागं मुंजाजीमामांचं बिछायत केंद्र.
चारशे ताटं, सतरा पातेली, दोन काहिली
आणि हिशेबाची वही,
जी उंदरांनी मार्चपर्यंत खाल्ली होती.

म्हणून मी सगळं फोनमध्ये भरून दिलं.
"कुठं ठिवलंस?"
क्लाउडमध्ये, मामा.
त्यांनी पत्र्याबाहेर वाकून पाहिलं. वर नुसतं ऊन.

मग सांगितलं, लांब कुठंतरी गार खोल्या आहेत,
कपाटांसारख्या उभ्या मशिनी, रात्रंदिवस जाग्या.
आपण जागा भाड्यानं घ्यायची, लागेल तेवढी,
काम झालं की परत.
"म्हंजे महाच धंदा की!
पंगत वाढली, ताटं वाढली.
घरी कोण सांभाळतंय चारशे ताटं?"

कॉलेजात दोन वर्षं हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

पण भाड्यानं देणाऱ्याला भाड्याची दुखणी ठाऊक.
"एकाच तिथीला समदी लग्नं निघाली तर?
महं पातेलं दुसऱ्याच्या पंगतीत गेलं तर?
नाव कोरलंय का त्याच्यावर?"
कुलूप आहे, मामा.
"किल्ली कुणापशी?"
आणि जरा थांबून,
"त्या खोल्या गार ऱ्हायला पाणी लागत आसंल.
कोणत्या गावचं?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात
पाथरी रोडला जेसीबीनं केबल तोडली.
स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला.
दारात डासाळ्याचा माणूस, ऐंशी ताटं मागत.

मामांनी वही काढली, झटकली
आणि एप्रिलपासून लिहायला घेतलं.