अकरा मानपत्रं

उद्या घुमटाखाली समारंभ आहे.
दुपारपर्यंत अकरा मानपत्रं तयार हवीत,
हे देसाईबाई तीनदा सांगून गेल्या,
दोनदा गुजरातीत, एकदा मराठीत.
मराठीत म्हणजे रागावून.

मजकूर आता छापूनच येतो,
ज्ञान, कर्तृत्व, समाजसेवा वगैरे, सगळ्यांना सारखा.
नावापुरती जागा तेवढी कोरी,
चार बोटं लांब.
त्या चार बोटांसाठी
निवृत्तीनंतरही मला बोलावतात.
दांडिया बाजारातून सायकलवर येतो.
टाक माझा, शाई माझी,
चहा त्यांचा.

गुजराती अक्षरांना शिरोरेघ नसते.
चाळीस वर्षं झाली, तरी माझा मराठी हात
नाव संपलं की मागे फिरतो,
वरून एक रेघ ओढायला,
जशी उन्हात निघालेल्या पोराला
आई हाक मारते, टोपी घाल.
मी मनगट धरून ठेवतो.
नावं उघड्या डोक्यानंच जातात इथून.

पहिलं, उदयन शिर्के, स्थापत्य.
मस्कतला पूल बांधले म्हणे.
यानं परीक्षेचं प्रवेशपत्र सेव-उसळीत बुडवलं होतं,
लाल डागासकट दुसरं मागायला आला होता.
तिसरं, फिरोझा दारूवाला.
गुजराती 'झ' काढायला मला फार आवडतो,
त्या नादात त्यांचं काम काय ते वाचायचंच राहिलं.
पाचवे मार्चमध्ये गेले.
नावाआधी 'स्व.' लावायचं की नाही
यावर सकाळी बैठक झाली, निर्णय झाला नाही.
मी डावीकडे बोटभर जागा सोडली आहे.

नववं, हेमलता राठवा.
जीवरसायन, एक्क्याण्णव.

तिच्या पदवीपत्रावर मी 'राठोड' लिहिलं होतं.
'राठ'पर्यंत दोन्ही नावं एकाच रस्त्यानं जातात,
पुढे माझा हात सवयीच्या बाजूला वळला.
तोवर शंभर राठोड लिहिले असतील,
राठवा एकही नाही.

खिडकीशी आली. म्हणाली, हे माझं नाही.
मी म्हटलं, एका अक्षराचा काय तो फरक,
अर्ज लिही, शिक्का आण, सोमवारी ये.
सोमवारी आली. मंगळवारी आली.
छोटा उदेपूरची गाडी चारला सुटायची,
साडेतीनपर्यंत ती उभी.
बाक होतं. बसली नाही.
शेवटी मी ब्लेडनं खरवडलं,
खरवडल्या जागी शाई पसरली.
तेच घेऊन गेली.

छापलंय, 'सिकल सेल निर्मूलनासाठी बावीस वर्षं'.
म्हणजे काय, ते देसाईबाईंनी सांगितलं.
पाड्यापाड्यावर जायचं, मुलांचं बोट टोचायचं,
थेंब काचेवर घ्यायचा
आणि काचेवर नाव लिहायचं.
नाव चुकलं
तर एकाचं दुखणं दुसऱ्याच्या घरी जातं.
हे सांगताना त्या फाइल शोधत होत्या,
माझ्याकडे बघत नव्हत्या.

दहा जणांच्या उत्तरांत होतं, पाहुणे किती आणू,
गाडी कुठे लावू, फेटा बांधणार का.
हिनं एवढंच विचारलं होतं,
नाव छापणार की हातानं लिहिणार?
देसाईबाई हसल्या.
मी ते वाक्य दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं.
हातानं असेल तर बरं, असं?
की हातानं असेल तर नको?

रद्दीच्या कागदावर सात वेळा लिहिलं.
मग पंखा बंद केला.
हेमलता.
राठ.
इथे थांबलो, टाक पुन्हा बुडवला.
वा.

दारातून देसाईबाई विचारतात, थयुं?
गुजरातीत, म्हणजे अजून रागावलेल्या नाहीत.
मी हातानंच थांबा म्हणतो.
शाई ओली आहे,
आणि अजून दोन राहिलीत.