पासपोर्टाप्रमाणे नाव

मेच्या दुसऱ्या शनिवारपासून अकरा दिवस.
सांबऱ्याहून बेंगळूर, तिथून रात्रभर समुद्रावरून
पहाटे तोक्यो, मग रेल्वेनं नागोया.
थोरली स्टेशनवर न्यायला येईल.
पस्तीस वर्षं उद्यमबागेत लेथवर काढली मी,
प्रवासातसुद्धा दोन सूत जागा सोडतो:
दोन विमानांच्या मध्ये चार तास,
दोन हॉटेलांच्या मध्ये एक दुपार.
वहीत सगळं बसलं.

सुमित्रा शेंगा फोडत ऐकते.
तिचे प्रश्न वहीत बसत नाहीत.
विमानात शेंगाचटणी नेऊ देतात काय?
हॉटेलात पहाटे पाचला चहा मागितला तर रागावतील काय?
आणि मेमध्ये, इथंच अंग भाजून निघत असताना,
पैसे मोजून कढत पाण्यात बसायला
एवढ्या लांब कशाला जायचं?

त्या न्हाणीघराचे फोटो थोरलीनं पाठवलेत.
डोंगराच्या पोटात दगडी हौद, वर वाफ,
काठाला लाकडी बादल्या पालथ्या घातलेल्या.
बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी,
आणि आत कुणाच्याच अंगावर चिंधी नाही.
हे शेवटचं मी जरा खोकून वाचलं.
वाटलं, आता वहीतलं एक पान जाणार.
ती म्हणाली, "त्यात काय?
दोन बाळंतपणात गंगव्वानं पाटावर बसवून
हंडेच्या हंडे ओतले माझ्या अंगावर.
तिच्यापुढं काय झाकलं होतं मी?"

मग मी तिकिटाचा फॉर्म भरला.
नाव: पासपोर्टाप्रमाणे.
हलगेकर सुमित्रा कल्लाप्पा.
एकेक अक्षर बोटानं दाबून, दोनदा तपासून.
नंतर न्हाणीघराचे नियम. थोरलीनं मराठीत करून दिलेले.
आधी अंग धुवून मगच हौदात उतरावं.
केस पाण्याला लागू देऊ नयेत.
मोठ्यानं बोलू नये.
अंगावर गोंदण असलेल्यांना प्रवेश नाही.

शेंगा फुटायच्या थांबल्या.

तिनं डावा हात उलटा करून मांडीवर ठेवला.
हिरवं तुळशीचं रोप, पाच ठिपके,
खाली कन्नडमधे: नीलव्वा.
चिंचलीच्या जत्रेत, नऊ वर्षांची असताना,
बापानं मांडीत दाबून धरलं होतं, ती सांगते,
आणि नंतर बत्तासे घेऊन दिले.
सुमित्रा हे नाव मी ठेवलं.
ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं, सगळे हसले,
आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला.
मला कन्नड येतंय ते बसच्या पाट्यांपुरतं.
ही पाटी चौतीस वर्षं रोज वाचली,
मोठ्यानं कधीच नाही.

फोनवर थोरली म्हणाली,
कातडीच्या रंगाची पट्टी मिळते, आई,
तळहाताएवढी, लावली की दिसत नाही.
"पट्टी जखमेला लावतात," सुमित्रा म्हणाली.
"तुम्ही जावा. मी बाहेर चपला राखत बसतो."
दुसरा उपाय होता, महाग:
बंद खोली, हौद आत, दीड तास आपला,
गोंदण विचारायला कुणी येत नाही.
मी वही ओढली.
नवव्या दिवशी किल्ला बघायचा होता, तो खोडला.
किल्ला काय, आपल्या गावात हाय.
खंदकासकट.
तरी थोडे कमी पडत होते,
मग दहाव्या दिवसाच्या हॉटेलातली खिडकी काढली,
भिंतीकडची खोली घेतली.

थोरलीनं विचारलं, खोली कुणाच्या नावानं सांगू?
इथं पासपोर्ट बघत नाहीत.
मी लगेच बोललो नाही.
पेन्सिलीला टोक केलं
आणि वहीत, आकड्यांच्या शेजारी, कन्नडमधे लिहायला घेतलं,
लेथवर नवीन पोरगं पहिला जॉब लावतंय तसं,
जीभ बाहेर काढून.

सुमित्रा वाकून बघत राहिली.
"खालचा व राहिला की," म्हणाली,
आणि शेंगेच्या टरफलानं
तो कुठं बसतो ते दाखवलं.