निदान

साओ जॉर्ज बेटावरून बोटीने आलेली डबी.
फॉर्मॅलिनमध्ये मसुराएवढा तुकडा.
चिठ्ठीवर तिथल्या डॉक्टरचं घाईतलं अक्षर :
सेराफिम आविला, वय एकावन्न, चीज करतो.
नाकाच्या डाव्या अंगाला पिवळट फोड, चार महिने.
आणि खाली, जरा रेंगाळून :
काही नसावं बहुधा.

मी काप काढणारी.
आंग्राच्या इस्पितळात, तळमजल्यावर, एकोणीस वर्षं.
मेणात बसवलेलं माणसाचं कातडं
केसाच्या विसाव्या हिश्श्याइतकं पातळ कापते,
कोमट पाण्यावर सोडते,
सुरकुती पडली तर कुंचल्याने, श्वास धरून, मोडते.

एक सांगते, पुस्तकात जे एका ओळीत उरकतात :
काचेवर पोचेस्तोवर स्निग्ध असं काही उरत नाही.
अल्कोहोल आणि झायलीन सगळी चरबी धुऊन नेतात.
राहतात रिकाम्या खोल्या,
पेशीपेशीत फेसाचे बुडबुडे
आणि मधोमध चेपलेलं, कडा कुरतडलेलं केंद्रक.
तेलाची ग्रंथी आम्ही ओळखतो
ती तेल नसण्यावरून.

डॉक्टर एदुइना बेतेनकूर आधी लहान भिंगाने बघतात.
ग्रंथी नुसतीच फुगलेली असती
तर एका नळीभोवती द्राक्षांचा घोस दिसला असता,
काठाला गडद पेशींची बारीकशी ओळ,
कपात वाळलेल्या कॉफीसारखी.
म्हातारपणी निम्म्या बेटाच्या कपाळावर असते ती, तिला कोण विचारतं.
इथे काठ जाड झालाय.
गडद पेशी आत सरकल्यात.
निम्म्याहून कमी, तर ॲडेनोमा.
जास्त, तर सेबेशिओमा.
आणि वेड्यावाकड्या, कुंपण मोडून खाली घुसलेल्या असतील
तर ते तिसरं नाव,
जे घेताना त्या खुर्ची मागे सरकवतात.

कुंपण शाबूत आहे.
पण निम्म्याची रेघ कुठे मारायची?
त्या मोजतात. मग मला मोजायला लावतात.
माझं उत्तर वेगळं येतं.
आम्ही गाठींना नावं ठेवतो,
गाठ काही पुस्तक उघडून वाढत नाही.

मग हजेरी. चार प्रथिनं,
डीएनए उतरवून घेताना झालेल्या चुका खोडणारी.
दोन हजर : केंद्रकं तपकिरी.
उरलेल्या दोन काचांवर
गाठ नुसती निळी, फिकी,
आणि तिला खेटून असलेली निरोगी पेशी तपकिरी.
म्हणजे रंग चुकला नव्हता.
मीही नाही.
ते मला दोनदा तपासावं लागलं.

डॉक्टर रुग्णांना फोन करत नाहीत. ह्या वेळी केला.
घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर?
पलीकडे एक गाय हंबरली.
आईला, तो म्हणाला. चव्वेचाळिसाव्या वर्षी.
मामाही गेला, पण त्याचं आम्ही
पोट नाजूक असं म्हणायचो.
मग स्वतःहूनच :
मी चीजच्या चाकावर हातोडी मारून ऐकतो.
आत भेग असेल तर आवाज बोदा येतो, कापावं लागत नाही.
तुम्हाला कापावं लागलं, नाही का.
डॉक्टर म्हणाल्या, हो.
मला एक मुलगी आहे, तो म्हणाला. तुमच्याच गावात शिकते.

अहवालात सेबेशिओमा लिहिलं. पूर्ण निघालेली, सुरुवातीची.
त्याखाली चार ओळी आतड्याबद्दल,
गाठीच्या वर्णनाहून लांब.

मंगळवारी ती आली, वेळ न घेता. लुर्दिना.
तिची स्वतःची तपासणी पंधरा दिवसांवर.
ते काचेवरचं बघता येईल का, म्हणाली.
बघितलं बराच वेळ.
हे बुडबुडे म्हणजे बाबा?
मला काय बोलावं सुचलं नाही.

जाताना टेबलावर कागदात गुंडाळलेला तुकडा ठेवून गेली,
अकरा महिने मुरलेलं, जिभेला चुरचुरणारं.
डॉक्टरांनी आणि मी उभ्याउभ्याच खाल्लं.
कागद तसाच राहिला.
संध्याकाळी दिवे मालवताना उचलला
तर मधोमध तेलकट डाग,
आणि त्यातून खिडकी दिसत होती.